मदत हवी आहे: पार्किन्सन्स किती वाढला हे बघायला स्कॅन परत काढावा का?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापूरचा. आबांना (वडील, वय ६९) पार्किन्सन्स आहे हे कळून येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. औषधांबद्दल तक्रार नाही. स्कॅनवरून मात्र घरात दोन तट पडलेत. जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आबांची हयात गुजरीत साजाची पानं घडवण्यात गेली. आधी डावा खांदा दुखायला लागला. एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सहा महिने शेक आणि व्यायाम दिले, फरक काडीचा नाही. माझं लक्ष गेलं ते त्यांच्या चपलांकडं. उजवी धडधाकट आणि डावीचा अंगठ्याकडचा तळ घासून पातळ झालेला. मग रंकाळ्यावर फिरताना मुद्दाम मागनं बघितलं, तर डावा हात हलतच नव्हता, नुसता लोंबत होता.

मेंदूचा एमआरआय नॉर्मल आला तेव्हा आईनं अंबाबाईची ओटीसुद्धा भरून टाकली. पण न्यूरोलॉजिस्ट म्हणाले, या आजारात साधा एमआरआय बहुतेकदा नॉर्मलच येतो; पक्षाघात, गाठ, डोक्यात पाणी साठणं असलं काही नाही ना, एवढंच त्यात बघतात. शंका फिटावी म्हणून पुण्याला नेऊन ट्रोडॅट स्कॅन केला (हालचालीसाठी लागणारं डोपामिन हे रसायन हाताळणारी मेंदूतली यंत्रणा त्यात दिसते). इंजेक्शन दिल्यावर चारेक तास थांबायचं, मग मान न हलवता पडून राहायचं. चित्रात निरोगी मेंदूत दोन्हीकडं स्वल्पविराम दिसतात. आबांच्या उजव्या बाजूची शेपटी गायब, उरला नुसता पूर्णविराम. (डाव्या अंगाचा कारभार उजवा मेंदू बघतो.)

आता ताईचं म्हणणं, शुगर तपासतो तसा दरवर्षी हा स्कॅन काढायचा, म्हणजे गोळ्या लागू पडतात का ते कळेल. आमचे न्यूरोलॉजिस्ट म्हणतात गरज नाही. ते दर खेपेला आबांना चालायला लावतात, चुटकी वाजवायला लावतात, यूपीडीआरएस या पार्किन्सन्सची लक्षणं मोजायच्या तक्त्यात गुण मांडतात.

त्यात मी २००४ सालच्या एका चाचणीबद्दल वाचलं आणि जास्तच गोंधळलो. ३६१ नवे रुग्ण, ४० आठवडे. लेव्होडोपा (आबांची गोळी हीच) घेणाऱ्यांची हालचाल बिनगोळीवाल्यांपेक्षा चांगली, पण ज्यांचे स्कॅन काढले त्यांच्यात मात्र लेव्होडोपावाल्यांचेच जास्त उतरलेले, म्हणजे बिघडलेले! मग खरं काय धरायचं, माणूस की फोटो? आबा गोळी घेऊन शर्टाची बटणं स्वतः लावतात, हे मी रोज बघतो. पण या चाचणीचं ताईला कळलं तर ती गोळ्याच बंद करायला लावेल.

कुणी परत स्कॅन काढलाय का? काढून पुढं काय बदललं?

प्रतिसाद १
आमच्या आईचा दोन वर्षांनी परत काढला होता. सेंटर वेगळं, मशीन वेगळं. दोन रिपोर्ट शेजारी ठेवले तरी तुलना करता येईना. गोळ्या त्याच राहिल्या. पाच आकडी बिल तेवढं झालं.

प्रतिसाद २
मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये तंत्रज्ञ आहे. या स्कॅनमध्ये पेशी मोजत नाहीत. डोपामिन परत आत ओढून घेणारी प्रथिनं पेशींच्या टोकांवर असतात, ती किती उरली ते दिसतं. गोळीमुळंच ही प्रथिनं कमी झाली असतील तर पेशी शाबूत असूनही स्कॅन उतरेल. त्यामुळं त्या चाचणीवरून गोळी पेशी मारते असं म्हणता येत नाही. गोळ्या मनानं बंद करू नका, अचानक थांबवणं धोक्याचं असतं.

२०११ साली अमेरिकेत याच जातीच्या डॅटस्कॅनला परवानगी मिळाली ती पार्किन्सन्ससारखा आजार आणि साधा कंप यांतला फरक ओळखायला. आजार कुठवर आला ते मोजायला नव्हे. शेकडो रुग्णांची सरासरी काढली तर वर्षागणिक उतार नीट दिसतो. पीपीएमआय या पार्किन्सन्सच्या मोठ्या अभ्यासात २०१० पासून तसे स्कॅन जमवताहेत. पण एकट्या आबांच्या आकड्यात थोडा फरक पडला, तर तो आजाराचा की मशीनचा, हे मी सांगू शकणार नाही. शिवाय तुमची शेपटी आधीच गेलीय. तिथं अजून काय मोजणार? एमआरआयवर सबस्टॅन्शिया नायग्रातलं (मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशींच्या भागातलं) पेशींबाहेरचं मोकळं पाणी मोजायचं संशोधन चाललंय, ते आशादायक वाटतं, पण रोजच्या तपासणीत अजून आलेलं नाही.

त्यापेक्षा महिन्याला एकदा, गोळीच्या आधी आणि नंतर, तेच काम करतानाचा व्हिडिओ काढा. डॉक्टरांना तो जास्त उपयोगी पडेल.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. काल व्हिडिओ काढला. गोळीआधी सहा बटणांना चार मिनिटं, गोळीनंतर पाऊण तासानं दीड. मधल्या बटणाला आबा कॅमेऱ्याकडं बघून म्हणाले, "साजाचं पान याहून सोपं रं." ताईला पाठवलाय, तिचा फोन यायचाय.

जाता जाता अजून एक. आबांना सकाळची गोळी गंगावेशीच्या कट्ट्यावरच्या धारोष्ण दुधाबरोबरच लागते. दुधातली प्रथिनं लेव्होडोपाच्या आड येतात म्हणे. दूध आणि गोळीत तुम्ही किती वेळ सोडता?