कॉक आणि स्टँड पण बघा

वरचा किल स्विचचा (हँडलवरचं इंजिन बंद करायचं लाल बटण) किस्सा वाचला, बाइक चालू होईना म्हणून एकाने ती ढकलत मेकॅनिककडे नेली आणि त्याने नुसतं लाल बटण फिरवून चालू करून दिली. यात लाजण्यासारखं काही नाही हो, पार्किंगमध्ये कुणाचाही हात लागून ते बंद होतं. मला जास्त फसवी वाटते ती पेट्रोल कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या नळाची) भानगड. कार्बोरेटरवाल्या (म्हणजे इंजिनला पेट्रोल-हवा मिसळून देणारा भाग असलेल्या) गाडीत कॉक बंद असला तरी गाडी पहिल्या किकला चालू होते, कारण कार्बोरेटरच्या वाटीत थोडं पेट्रोल शिल्लक असतं, ते संपलं की थोडं पुढे जाऊन गचके देत बंद पडते आणि माणूस प्लग काढून बसतो. अशा वेळी उगाच सेल्फ मारत राहू नका, बॅटरी उतरते, आधी कॉक बघा, ऑनवर असेल तर रिझर्व्हला फिरवा.

साइड स्टँडच्या स्विचचं पण तेच, स्टँड खाली असताना गिअर टाकला की तो इंजिन बंद करतो (सगळ्या गाड्यांना तो स्विच नसतो). न्यूट्रलमध्ये इंजिन मस्त चालतं आणि गिअर टाकला की लगेच बंद, असं झालं तर स्टँड खाली राहिलाय का बघा, वर असूनही तसंच होत असेल तर स्विचमध्ये चिखल अडकलाय का तेही बघा, धुऊन स्टँड दोनचार वेळा वरखाली केला की बऱ्याचदा सुटतो.