मदत हवी आहे: वाडीतली शाळा, समितीच्या बैठकीत काय मांडू?

रानमोगरा
शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीची बैठक आहे, त्याआधी उत्तर हवंय. मुलगी तिसरीला गेली तरी धड वाचता येत नाही. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणते, कारण पाठ आहे. त्यातलंच एक वाक्य फळ्यावर लिहिलं की गप्प. गुरुजी एकटेच, त्यात सारखे बाहेर. यंदा समितीचं अध्यक्षपद माझ्या गळ्यात पडलंय. काय करू? "शाळा बदला" कृपया सांगू नका.

सह्यकडा
जिल्हा कुठला? पट किती? शाळा जिल्हा परिषदेचीच ना? दुसरं पद मंजूर आहे का? काहीच न सांगता उपाय कसा सुचवणार?

निवृत्त_मास्तर
"बाहेर" म्हणजे कुठे ते आधी सांगा. दांडी मारतात, की केंद्रशाळेवर (आसपासच्या शाळांची मुख्य शाळा), पंचायत समितीत, बीएलओच्या म्हणजे मतदार याद्यांच्या कामाला जातात? एकशिक्षकी शाळेत मुख्याध्यापकही तोच आणि कारकूनही तोच. यू-डायसची, म्हणजे शाळेची सरकारी ऑनलाइन माहिती भरा, खिचडीचा हिशेब ठेवा, फोटो पाठवा. उगाच शिक्षकावर खापर फोडू नका.

पुणेकर७७
वाबळेवाडीची शाळा बघून या. जिल्हा परिषदेचीच आहे. गाव पाठीशी उभं राहिलं की काय होतं ते कळेल. आमच्या ग्रुपने एका शाळेला टॅब दिले, मुलं खूश! टॅबपासून सुरुवात करा.

काजूची_बी
@पुणेकर७७, वाबळेवाडी शिरूर तालुक्यात, तिथे रांजणगावची एमआयडीसी आहे. आमच्याकडे वाडीत काजू आणि माकडं. पावसाळ्यात वीज दोन-दोन दिवस नसते. टॅब कशावर चार्ज करायचे?

रानमोगरा
कोकणात आहे. पट १४, चौथीपर्यंत. दुसरे गुरुजी ऑनलाइन बदलीत गेले, जागा रिकामी. आहेत ते दांडी मारत नाहीत, मतदार याद्या आणि मीटिंगा. तेव्हा पोरांना खिचडीवाल्या मावशी सांभाळतात.

सह्यकडा
मग सरळ आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे ६० पटापर्यंत २ शिक्षक हवेत. आणि कलम २७ नुसार अशैक्षणिक कामं देताच येत नाहीत. गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाब विचारा.

निवृत्त_मास्तर
कलम पूर्ण वाचत चला. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना सूट आहे. आणि १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा, म्हणजे कुठल्या शाळेला किती शिक्षक ते ठरवणारा शासन निर्णय काढून बघा, २० पटाच्या आतल्या शाळेचं गणित तिथे बदललं.

सह्यकडा
शासन निर्णय संसदेच्या कायद्यापेक्षा मोठा कधीपासून झाला? तुमच्यासारखे मान डोलावत बसले म्हणून वाड्यांच्या शाळा ओस पडल्या.

निवृत्त_मास्तर
३० वर्षं नोकरी केली, त्यातली बरीच दुर्गम भागात. मान कुणी डोलावली ते मला शिकवू नका.

आईसाहेब_ठाणे
इंग्रजी शाळेत २५ टक्के राखीव जागांचा फॉर्म भरा ना. माझ्या कामवालीच्या मुलाला मिळाली.

काजूची_बी
ती सोय पहिलीच्या किंवा त्याखालच्या प्रवेशाला असते, ताई. पोर तिसरीत आहे. शिवाय "शाळा बदला" सांगू नका असं वरच लिहिलंय.

गिरवा_पुन्हा
दोन वाड्यांवर वाचनाचं काम केलंय, त्यावरून सांगते. तुमच्या मुलीसारखी मुलं ढिगाने आहेत. 'असर' ही मुलांच्या वाचन-गणिताची पाहणी असते. तिच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांतल्या तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा उतारा वाचता आला. घाबरू नका, पण शिक्षक मिळेपर्यंत थांबूही नका.

एका कागदावर सुटी अक्षरं लिहा, दुसऱ्यावर साधे शब्द, तिसऱ्यावर चार ओळींचा उतारा, चौथ्यावर छोटी गोष्ट. मजकूर पुस्तकातला नको, नाहीतर पाठ म्हणून दाखवतील. चौदाही मुलांना एकेकटं बसवून वाचायला लावा, एका संध्याकाळचं काम आहे. मग रोज तासभर इयत्ता विसरून गट करा: अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे. चौथीचा मुलगा पहिलीच्या पोरीशेजारी बसेल, बसू दे. अक्षरवाल्यांना फरशीवर खडूने अक्षरं काढून द्या. "म कुठाय, पाय ठेव" म्हटलं की हसत शिकतात. गुरुजी नसतील त्या दिवशी हा तास बारावी झालेली वाडीतली एखादी मुलगी घेऊ शकते. गुरुजींशी मात्र आधी बोला, परस्पर सुरू केलंत तर बिनसेल.

पुणेकर७७
टॅबमध्ये हे सगळं ॲपवर होतं.

रानमोगरा
@गिरवा_पुन्हा, कागद आजच करते. पण समितीत काय? ठराव सचिव लिहिणार, आणि सचिव गुरुजीच. त्यांच्याविरुद्ध ठराव तेच लिहितील का?

निवृत्त_मास्तर
विरुद्ध कशाला? दुसरं पद भरावं आणि तोवर केंद्रशाळेतून तात्पुरता शिक्षक मिळावा, अशी मागणी करा. तो बिचारा आनंदाने लिहील. गुरुजी बाहेरच्या कामाला गेले त्या दिवसांच्या तारखा जोडा, समितीतल्या पालकांच्या सह्या घ्या. निम्म्या तरी महिला सदस्य असायला हव्यात, ते तपासा. प्रत पंचायत समितीत द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. पोच नसेल तर अर्ज दिलाच नाही असं समजा.

सह्यकडा
यावर मात्र सहमत. महिन्याभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार.

रानमोगरा
बरं. समितीत महिला तीनच आहेत, बाकी आठ पुरुष. शनिवारी आधी तेच काढावं लागणार.

पुणेकर७७
मग टॅबचं काय ठरलं?