परदेशी कंपनी आणि सरकार यांच्या करारात स्थानिक पुरवठादाराचे स्थान काय?

मकरपुरा_यंत्रकाम: बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (गुजरात सरकारच्या औद्योगिक वसाहतीत) आमचे सीएनसी जॉबवर्कचे, म्हणजे संगणक-नियंत्रित यंत्रांवर इतर कंपन्यांसाठी सुटे भाग बनवून देण्याचे, लहान युनिट आहे. परदेशी कंपन्या जमीन, वीज आणि करसवलती यांबाबत राज्य सरकारशी वाटाघाटी करतात, त्यांत सुटे भाग स्थानिक युनिटांकडूनच घेण्याची अट सरकार घालू शकते का? आणि अशा कंपनीच्या कामाच्या भरवशावर कर्ज काढून मशीन घेण्यापूर्वी आम्ही काय पाहावे?

धोरण_अभ्यासक: खासगी बाजारासाठी माल बनवणाऱ्या कंपनीवर अशी सक्ती करणे फार कठीण आहे. 1997 च्या वाहन धोरणात तिसऱ्या वर्षापर्यंत 50 टक्के आणि पाचव्या वर्षापर्यंत 70 टक्के देशी भागांची अट होती. अमेरिका व युरोपीय संघाच्या तक्रारींवर डिसेंबर 2001 मध्ये जागतिक व्यापार संघटनेच्या पॅनेलने ती नियमबाह्य ठरवली. मात्र सरकार स्वतःच्या वापरासाठी खरेदी करते तेव्हा हे बंधन तितके लागू होत नाही, आणि बडोद्याच्या दृष्टीने हाच फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. हवाई दलासाठी एअरबस कंपनीची 56 सी-295 मालवाहू विमाने घेताना त्यांपैकी 40 भारतात जोडण्याची अट सप्टेंबर 2021 च्या करारातच होती, म्हणूनच एअरबस टाटांच्या साथीने आपल्या शहरात आली. ग्राहक सरकार असेल, तर स्थानिक कामाचा आग्रह सही होण्यापूर्वी धरता येतो. एकदा सवलती देऊन झाल्या की राज्याच्या हातात फारसे काही उरत नाही.

निवृत्त_खरेदी_अधिकारी: वरील मताशी मी सहमत आहे, परंतु करारात ‘स्थानिक’ म्हणजे बहुधा भारतीय, बडोद्याचे नव्हे. मोठी कंपनी पूर्ण जुळणी आपल्या ठरलेल्या मोठ्या पुरवठादारांकडून घेते आणि मकरपुऱ्याचे काम त्यांच्याकडून खाली येते. त्यामुळे आपला खरा ग्राहक तो मधला पुरवठादार असतो, आणि त्याची इतर कामे किती आहेत हे आधी पाहावे. बडोद्याजवळ हालोलला जनरल मोटर्सने 2017 मध्ये उत्पादन थांबवले, पुढे तो कारखाना एमजी मोटरकडे गेला. कारखाना उभा राहिला तरी गाडीचे मॉडेल बदलले की जुन्या डाय (साचे) आणि फिक्श्चर (काम करताना भाग पकडून ठेवणारी साधने), म्हणजेच टूलिंग, निरुपयोगी होतात. म्हणून टूलिंगचा खर्च कोणाचा, ते कोणाच्या मालकीचे आणि ऑर्डर मध्येच थांबल्यास शिल्लक कच्च्या मालाचे पैसे कोण देणार, हे लेखी घेतल्याशिवाय मशीनचे कर्ज काढू नये, असे मी कळकळीने सांगतो. एकाच भागासाठी बनलेल्या मशीनपेक्षा दुसऱ्या उद्योगाच्या कामालाही लावता येईल असे मशीन निवडावे.

मकरपुरा_यंत्रकाम: दोघांचेही मनापासून आभार. मधला पुरवठादार पैसे देण्यास नव्वद दिवसांची मुदत मागतो. ती मान्य करावीच लागते का?

धोरण_अभ्यासक: नाही. 2006 च्या एमएसएमईडी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास) कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उद्योगाकडून माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त मुदत लेखी करारानेही ठरवता येत नाही, आणि लेखी करार नसेल तर 15 दिवसच मिळतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज द्यावे लागते. उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) मात्र ऑर्डर घेण्यापूर्वीच करून ठेवावी.