रंकाळ्यावर भेळेची गाडी दिसली की मुलगा स्वतःचा हात चावतो. नोंद कशी ठेवायची?

प्रश्न: मुलगा ५ वर्षांचा, ऑटिझम, बोलत नाही. थेरपिस्ट म्हणाल्या, आधी नोंद ठेवा. नेमकं काय लिहायचं?

उत्तर १: वहीत तीन रकाने: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, लगेच त्याला काय मिळालं. ‘हट्ट केला’ नको. ‘उजवं मनगट चावलं, ४ मिनिटं’ असं लिहा. तिसरा रकाना घाईत कोराच राहतो, आणि कारण तर तिथंच सापडतं.

उत्तर २: चावल्यावर भेळच मिळत असेल तर ती मागायला भेळेचं फोटो-कार्ड करा. सराव घरी, तो शांत असताना. एकानं समोर वाटी धरायची, दुसऱ्यानं मागून त्याचा हात धरून कार्ड द्यायला लावायचं. कार्ड मिळताच लगेच एक घास. ‘काय पाहिजे?’ विचारू नका, नाहीतर प्रश्नाची वाट बघत बसेल. गर्दी-गोंगाट सोसत नसेल तर मात्र कार्डानं भागणार नाही; सकाळी न्या की!

उत्तर ३: चावल्यावर भेळ बंद केली की चावणं आधी वाढू शकतं. पाचव्या दिवशी आज्जीनं दिली, तर जोरात चावलं की मिळतं हेच तो शिकणार. जखम होत असेल तर हे थेरपिस्टच्या देखरेखीखालीच. दात-कान दुखतायत का, तेही डॉक्टरांना दाखवा.