स्तोत्र 50:5 मधला यज्ञ आणि करार कसा समजायचा?

रानफूल: जय ख्रिस्त. आमच्या मंडळीत (चर्चमध्ये) सध्या बायबलमधलं स्तोत्र 50 चालू आहे आणि मी पाचव्या वचनापाशीच अडकलेय. देव म्हणतो की ज्यांनी यज्ञ करून माझ्याशी करार केलाय त्या माझ्या भक्तांना गोळा करा, आणि नवव्या वचनापासून लगेच म्हणतो की तुझ्या घरचा गोऱ्हा मला नको, रानातले सगळे पशू माझेच आहेत, मला भूक लागली तरी तुला सांगणार नाही. मग यज्ञ हवाय की नकोय? विचारायचं कारण म्हणजे सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, उपास-प्रार्थनेला जाणं होत नाही, कधीकधी रविवारपण चुकतो, आणि एका बाईंनी हेच वचन दाखवून म्हटलं की त्याग नाही तर करारपण नाही. खूप लागलं मनाला.

शालोम: ताई, आधी उत्पत्ती 15 वाचा, बायबलचं पहिलं पुस्तक. देव अब्रामाशी (म्हणजे अब्राहामाशी) करार करतो तेव्हा अब्राम कालवड, शेळी, एडका मधोमध चिरून समोरासमोर ठेवतो, पक्षी तेवढे चिरत नाही. त्या काळी करार करणारे अशा तुकड्यांमधून चालत जायचे, म्हणजे मी शब्द मोडला तर माझं असंच होवो. पण तिथे अब्राम गाढ झोपलेला असतो आणि तुकड्यांमधून जाते ती धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देव स्वतः!! अब्रामाला चालायला सांगितलेलंच नाही. मला हे वाचून दरवेळी भरून येतं. करार टिकतो तो आधी देवाच्या शब्दावर, आपण किती मीटिंगला हजर होतो त्यावर नाही.

एक वाचक: शालोमदादांचं पटतं, पण अर्धंच. यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला 34 वा अध्याय पण बघा. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडलेला असताना तिथला सिद्कीया राजा आणि लोकांनी वासरू चिरून त्यातून चालत जाऊन करार केला की आपल्या इब्री, म्हणजे आपल्याच लोकांपैकी असलेल्या दासदासींना मोकळं करू, केलंही, आणि बाबेलचं सैन्य जरा मागे हटल्यावर त्यांनाच पकडून परत गुलाम केलं. देव त्यावर किती कडक बोलतो बघा. यज्ञ व्यवस्थित झाला होता, माणसांना दिलेला शब्द मोडला. स्तोत्र 50 मध्ये तेच आहे, 16 ते 20 मध्ये करार तोंडाने म्हणणारे पण चोराशी दोस्ती करणारे आणि सख्ख्या भावाची निंदा करणारे लोक आहेत, दोष त्यांना दिलाय. देवाला काय हवं ते 14 मध्ये आहे, उपकारस्तुती आणि केलेले नवस फेडणं. म्हणजे निष्ठा लागतेच, सूट नाही.

रानफूल: यिर्मया 34 कधी नीट वाचलाच नव्हता, धन्यवाद दादा. पण मग आजच्या आपल्यासाठी यज्ञ म्हणजे काय धरायचं?

मावशी: बाळा, इब्री लोकांस पत्र 13:15-16. ओठांनी देवाची स्तुती हा यज्ञ, आणि चांगलं करायला आणि आपल्यातलं दुसऱ्याला द्यायला विसरू नका, असल्या यज्ञांनी देव संतुष्ट होतो असं सरळ लिहिलंय. सासूबाईंचं अंग पुसणं, त्यांना भरवणं हे त्यातच आलं, कोणाला काही म्हणू दे. ख्रिस्ताने शेवटच्या भोजनाला प्याला घेऊन माझ्या रक्तात नवा करार म्हटलं, त्या करारात सासूबाईपण आहेत आणि तूपण. मंडळीच्या पाळकांना सांग प्रभुभोजन, म्हणजे त्या भोजनाच्या आठवणीत देतात ती भाकर आणि प्याला, घरी द्यायला या म्हणून, आजारी माणसांकडे जातात ते, दोघींना एकत्रच घेता येईल.