अनुभव धागा: घरातला कीबोर्ड तुम्ही कसा साफ आणि निर्जंतुक करता? कोल्हापूरकरांनो, लिहा

रंकाळावेस

गौरी-गणपतीच्या आधीची साफसफाई चालू आहे. भांडी, पडदे, पंखे सगळं झालं आणि मग लक्ष गेलं कॉम्प्युटरच्या टेबलाकडं. घरात कीबोर्ड एकच, त्यावर मुलीचे प्रोजेक्ट, ह्यांचं जीएसटीचं काम, मामंजींचं पेपर वाचणं आणि माझ्या मसाल्याच्या ऑर्डरी. या पावसाळ्यात सर्दी-ताप घरात एकाकडनं दुसऱ्याकडं फिरत राहिला तेव्हा दाराच्या कड्या पुसल्या, नळ पुसले, रिमोट पुसला, पण कीबोर्डला कुणी हात लावला नाही. नेटवर बघायला गेलं तर सगळं कोरड्या हवेतल्या लोकांनी लिहिलेलं, रात्रभर ठेवा वाळेल म्हणतात, इथं जुलै-ऑगस्टात टॉवेल दोन दिवस वाळत नाही तिथं ती बटणं कधी वाळायची? म्हणून धागा काढला. आपल्या हवेत, आपल्या दुकानात मिळणाऱ्या वस्तूंनी तुम्ही स्वतः काय करता ते लिहा. ऐकीव नको, हातानं केलेलं पाहिजे.

सिस्टरवहिनी

मी दवाखान्यात आहे, वॉर्डातले कॉम्प्युटर पुसणं आमच्या रोजच्या कामात येतं, घरी पण तीच पद्धत ठेवली आहे. आधी घाण काढायची, मग जंतू मारायचे, हा क्रम मोडायचा नाही. हाताचं तेल, मसाल्याचा चिकटपणा, धूळ याचा थर असला की स्पिरिट वरच्या वर फिरतं आणि खाली जंतू तसेच राहतात. म्हणून आधी वायर काढायची, वायरलेस असेल तर सेल काढायचे, कीबोर्ड पालथा करून हलक्या हातानं थोपटायचा, ब्रशनं फटी झाडायच्या, मग साबणाच्या पाण्यात बुडवून घट्ट पिळलेल्या फडक्यानं बटणांचे माथे पुसायचे आणि कोरडं फडकं फिरवायचं. त्यानंतर ७० टक्क्याचं आयसोप्रोपिल अल्कोहोल.

७० च का, ९९ का नको असं पुष्कळजण विचारतात. जास्त स्ट्राँग म्हणजे जास्त चांगलं असं इथं नाही. ९९ टक्क्याचं भुर्रकन उडून जातं, जंतूवर काम करायला त्याला वेळच मिळत नाही, शिवाय जंतूतली प्रथिनं मोडायला थोडं पाणी लागतंच. म्हणून त्यात पाणी असलेलं बरं. पृष्ठभाग निदान अर्धा-एक मिनिट ओला दिसला पाहिजे, लगेच कोरड्या फडक्यानं पुसून टाकलं तर काही उपयोग नाही. आणि स्प्रे कीबोर्डवर मारायचा नाही, फडक्यावर मारायचा. फडकं ओलं पाहिजे, थेंब गळता कामा नये.

घरात उलट्या-जुलाबाची साथ असेल तर नुसत्या स्पिरिटवर विसंबू नका. नोरोव्हायरससारख्या विषाणूवर अल्कोहोल नीट चालत नाही, तिथं साबण-पाण्यानं हात धुणंच खरं. तसंही कीबोर्ड कितीही पुसा, त्यावर बसणाऱ्याचे हात धुतलेले नसतील तर पाच मिनिटांत पहिल्यासारखंच. आमच्या घरी बेसिनवरनं आल्याशिवाय कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, पाहुण्यांच्या पोरांना पण हाच नियम.

रंकाळावेस

सिस्टरवहिनी, हे ७० टक्क्याचं आणायचं कुठनं? मेडिकलमध्ये स्पिरिट मागितलं तर तो वेगवेगळ्या बाटल्या दाखवतो.

सिस्टरवहिनी

बाटलीवरचं लेबल वाचून घ्या, आयसोप्रोपिल अल्कोहोल ७० टक्के असं लिहिलेलं पाहिजे. त्यात सुगंध, ग्लिसरीन, कोरफड काही नको. हातावरचं जेल सॅनिटायझर तर नकोच, त्यात ग्लिसरीन असतं, ते बटणांवर चिकट राहतं आणि दुप्पट धूळ धरतं. मोबाईल रिपेअरवाल्यांकडं ९९ टक्क्याचं आयपीए, म्हणजे हेच आयसोप्रोपिल अल्कोहोल, असतं, ते मिळालं तर ७० मिलीत ३० मिली डिस्टिल्ड वॉटर घाला, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायला मिळतं ते. आणि हे सगळं देवघरातल्या समईपासनं, गॅसपासनं लांब, खिडकी उघडून. वाफ पेटते त्याची.

उद्यमनगरकर

आमचं मशीनशॉप आहे, कॉम्प्युटर असतो तो शॉपच्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये. घरचा नाही तरी लिहितो कारण आमच्या भागातल्या बऱ्याच घरांत खाली शॉप आणि वर घर असंच आहे. ग्राइंडिंगची बारीक लोखंडी धूळ केबिनमध्ये येतेच, दार कितीबी लावा. ही धूळ साध्या धुळीसारखी नाही, लोखंड आहे म्हणजे करंट वाहून नेतं, कीबोर्डच्या आत गेली तर न दाबता अक्षरं उमटायला लागतात. म्हणून आमच्याकडं सिलिकॉनचं कव्हर कायम घातलेलं असतं, रोज संध्याकाळी ते काढून नळाखाली धुवायचं आणि पुसून वाळलं की परत घालायचं.

महत्त्वाचं सांगायचं ते कॉम्प्रेसरच्या हवेचं. आमच्या सगळ्या शॉपमध्ये एअरलाइन असते आणि पोरं काहीही साफ करायचं म्हटलं की एअरगन उचलतात. कीबोर्डवर ती मारायची नाही. सहा-सात बारचं प्रेशर, बटणं उडून जातात ते एक, पण खरी भानगड पुढंच आहे. टाकीत हवा दाबली की त्यातलं पाणी खाली साठतं, वरनं कॉम्प्रेसरचं तेल. खात्री करायची असेल तर पांढरा कोरा कागद धरा आणि दोन फुटांवरनं एअरगन मारा, पावसाळ्यात तर कागदावर बारीक बारीक ओले ठिपके आणि पिवळसर तेलाचा डाग सरळ दिसतो. तेच कीबोर्डच्या पोटात जातं. फिल्टर, ड्रायर बसवलेला असेल आणि प्रेशर उतरवलं असेल तर गोष्ट वेगळी, पण तेवढी तयारी घरी कोण करतंय. त्यापेक्षा इलेक्ट्रिकवाल्याकडं मिळणारा हातातला ब्लोअर घ्या, खिडकीपाशी किंवा गॅलरीत जाऊन तिरका धरून मारा, तोंडाला मास्क लावून.

डबीत दाबून भरलेली हवा मिळते ती पण चालते, फक्त डबी उभी धरायची, आडवी-उलटी केली की आतलं लिक्विड बाहेर येतं आणि गारठ्यानं बटण पांढरं पडतं.

हुपरीकर

चांदीच्या कामाच्या घरात कीबोर्डची धूळ आम्ही टाकत नाही 🙂 खरंच सांगतोय. पॉलिशचं टेबल शेजारीच असतं, हिशोब करणारा माणूस तेच हात घेऊन कीबोर्डवर बसतो. कीबोर्ड पालथा करायचा तो थाळीत, ब्रश पण वेगळा, आणि जे पडेल ते झाडलोटीच्या डब्यात जातं, पुढं झारेकऱ्याकडं, तो त्यातली चांदी वेगळी काढतो. वर कुणीतरी लोखंडाच्या धुळीचं लिहिलंय ते चांदीला तर जास्तच लागू, चांदीइतका करंट दुसरा कुठलाच धातू नेत नाही. त्यामुळं आधी वायर काढणं, मगच ब्रश.

गुळाचाचहा

धाकट्या भावानं गुळाचा चहा कीबोर्डवर सांडला होता, त्यावरनं लिहितो, मी घरी बसून असली रिपेअरीची कामं करतो. साधा मेम्ब्रेन कीबोर्ड होता, तीन-साडेतीनशेचा. लोक म्हणतात एवढ्याला कशाला उघडायचा, पण उघडला की आत काय असतं ते कळतं आणि मग वरनं साफ करताना हात कुठं थांबवायचा ते पण कळतं.

सांडलं की पहिलं काम वायर उपसायची, दुसरं कीबोर्ड लगेच पालथा करायचा. सरळ ठेवून वरनं पुसत बसलं तर चहा खालीच जातो. मग फोटो काढायचा, बटणं काढण्याच्या आधी, नाहीतर परत लावताना त्या बारीकसारीक चिन्हांच्या जागा कुणाला आठवतात. मागचे स्क्रू काढायचे, एखादा स्क्रू स्टिकरच्या किंवा रबरी पायाच्या खाली लपवलेला असतो, झाकण निघत नसेल तर जोर करू नका, तो स्क्रू शोधा. आत रबराच्या टोप्यांची एक शीट आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे तीन पातळ कागद एकावर एक. वरच्या आणि खालच्या कागदावर रेघा छापलेल्या, मधल्याला भोकं. बटण दाबलं की वरची रेघ भोकातनं खालच्या रेघेला टेकते, झालं अक्षर. गुळाचं पाणी या कागदांच्या मध्ये शिरलं की ते दोन्ही चिकटून बसतात आणि एकच अक्षर धडाधड उमटत राहतं.

रबरी शीट, बटणं आणि प्लॅस्टिकचा सांगाडा साबण लावून खुशाल धुवा. पण रेघांच्या कागदांवर घासायचं नाही. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवलेला कापूस नुसता टेकवत टेकवत गूळ विरघळवून घ्यायचा. ती छापलेली शाई चांदीची नाहीतर कार्बनची असते, नखानं पण निघून येते, आणि एक रेघ तुटली की त्या ओळीतली चार-पाच अक्षरं कायमची गेली. छोटा हिरवा बोर्ड असतो तो धुवायचा नाही, त्याला आयपीएत भिजवलेला कापसाचा बड पुरे.

तांदळाच्या डब्यात ठेवायचं खूळ सोडा. तांदूळ पाणी ओढत नाही म्हणण्याइतकंच ओढतो, वर त्याची पूड आत जाते. पंख्याखाली सुटे सुटे पसरून ठेवा. हेअर ड्रायर गरम लावला तर बटणं वाकतात.

पंचगंगाकाठ

चहाचं ठीक, पण पुराचं पाणी गेलेला कीबोर्ड कुणी साफ करायच्या भानगडीत पडू नका. २०१९ ला आणि २०२१ ला आमच्याकडं घरात पाणी होतं. त्या पाण्यात गटार असतं, मेलेली जनावरं असतात, शेतातली औषधं असतात. कीबोर्ड ही जीव लावायची वस्तू नाही, ई-कचऱ्यात द्या. आता पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आली की आम्ही धोका पातळीच्या ४३ ची वाट बघत नाही, कॉम्प्युटर आधी माळ्यावर.

मेकॅनिकल_फुलेवाडी

वर्क फ्रॉम होम, दिवसभर टायपिंग, म्हणून मेकॅनिकल कीबोर्ड आहे, म्हणजे प्रत्येक बटणाखाली वेगळा स्विच असलेला, आणि त्याची निगा मी मनापासून घेतो कारण हात त्याच्यावरच चालतात. आठवड्याला ब्रश आणि फडकं, आणि पावसाळा संपला की पूर्ण खोलून.

कीकॅप म्हणजे बटणाची वरची टोपी, ती उपसायला तारेचा पुलर घ्या, प्लॅस्टिकचा रिंगवाला बटणाच्या कडा खरवडतो. स्पेस, एन्टर, शिफ्ट असल्या लांब बटणांखाली तारेचं स्टॅबिलायझर असतं, ती एका बाजूनं ओढायची नाहीत, दोन्ही बाजूंनी सारखी उचलायची. कीकॅप कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचे दोन थेंब टाकून भिजत घालायचे, उकळतं पाणी नको, एबीएस प्लॅस्टिकचे कॅप वाकडे होतात. नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळतं. पीबीटी प्लॅस्टिकचे असतील तर ते जरा दणकट असतात, लवकर चकाकत पण नाहीत.

वाळवण्याचं मात्र खरं दुखणं. कॅपच्या पोटात ती अधिकच्या चिन्हासारखी खाच असते तिच्यात पाण्याचा थेंब अडकून बसतो, वरनं हात लावला तर कॅप कोरडा वाटतो. कापडावर तोंड खाली करून ठेवा, मग प्रत्येक कॅप तळहातावर आपटून बघा, थेंब पडतोच. तो थेंब स्विचमध्ये गेला की खेळ संपला. त्यामुळं जूनपासनं सप्टेंबरपर्यंत मी कॅप धूतच नाही, नुसतं आयपीए. ऑक्टोबर हीटमध्ये सगळं एकदम.

स्विच अडकायला लागला तर घरातलं गंज काढायचं तेल मारू नका, तेलकट थर राहतो आणि धूळ धरतो. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनर मिळतो तो आणा.

रंकाळावेस

आणि लॅपटॉपचं कसं करता? मुलीचा आहे, त्याची बटणं काढायची म्हणजे पोटात गोळा येतो.

मेकॅनिकल_फुलेवाडी

काढू नका ताई. लॅपटॉपच्या बटणाखाली कात्रीसारखी नाजूक प्लॅस्टिकची घडी असते, तिचा कान मोडला की ते बटण परत बसत नाही. पूर्ण बंद करा, नुसता झाकून स्लीपवर नको, चार्जर काढा. ॲपलनं त्यांच्या काही मॅकबुकसाठी सांगितलंय ते सगळ्यांनाच चालण्यासारखं आहे: लॅपटॉप ७५ अंशात, म्हणजे जवळजवळ उभा धरायचा, डावीकडनं उजवीकडं हवा मारत जायचं, मग कुशीवर फिरवून परत. ब्लीच आणि हायड्रोजन पेरॉक्साईड लावायचं नाही हे पण त्यांच्याच सूचनेत आहे. लॅपटॉपवर काही सांडलं तर मात्र बंद करून सरळ दुकान गाठा, आत बॅटरी असते.

राजारामपुरीकाकू

आमच्याकडं पावसाळ्यात बारक्या लाल मुंग्या कीबोर्डमध्ये घर करतात. नातू भडंग खात खात गेम खेळतो. मुंग्यांचं औषध किंवा स्प्रे कीबोर्डवर मारायचा नाही, प्लॅस्टिक खराब होतं आणि तेच हात मूल तोंडात घालतं. पेपरवर पालथा ठेवून थोपटला, शेंगदाण्याचे तुकडे पडले, की तासाभरात मुंग्या आपोआप वाट धरतात. मुंग्यांच्या खडूची रेघ फक्त टेबलाच्या पायाला, तीही मुलाचा हात पुरणार नाही अशी मागच्या बाजूनं. आणि भडंगाची वाटी आता जेवणाच्या टेबलावर.

टायपिंगवाली

माझा घरीच टायपिंगचा क्लास आहे, शासनाच्या जीसीसी टायपिंग परीक्षेची मुलं येतात, मराठी मिनिटाला ३० शब्द, इंग्रजी ४०. तासातासाला बॅच बदलते, म्हणजे एकाच कीबोर्डवर दिवसभरात कितीतरी हात. प्रत्येक बॅचनंतर पुसणं होतं का, तर होतं, मुलांकडनंच करून घेते. उठताना आपला कीबोर्ड फडक्यानं पुसूनच उठायचं, कापडावर स्पिरिट मी देते. आणि येताना हात धुवून यायचं. मुली करतात, मुलांना सांगावं लागतं, पण करतात.

माझी अडचण निराळी होती, देवनागरी अक्षरांचे स्टिकर. स्पिरिट कडेनं आत गेलं की डिंक सुटतो आणि स्टिकर घसरायला लागतो, मग पोरगं ज दाबायला जातं आणि भलतंच काही येतं. त्यावर असं केलंय की स्टिकरच्या बटणांवर कापड घासायचं नाही, वरनं खाली एकदाच दाबून न्यायचं, आणि कडांना बड. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांशी मळ सगळ्यात जास्त साठतो, कारण बोटं तिथंच टेकलेली असतात, तिथं मऊ टूथब्रश. छापलेली अक्षरं ज्या कीबोर्डची पुसट व्हायला लागली तो मी जुन्या मुलांना देते, न बघता टाइप करायची सवय व्हायला बराच.

रंकाळावेस, तुम्ही मसाल्याचं काम करता म्हणालात. कांदा-लसूण मसाल्याचं तेल बटणांवर बसलं की नुसत्या स्पिरिटनं त्याचा लाल डाग पसरतो. आधी भांड्याच्या लिक्विडचं पाणी, अगदी घट्ट पिळलेल्या कापडानं, आणि फटीतनं तिखट झाडताना तोंडावर रुमाल बांधा, डोळ्यात गेलं तर पुढचा तास काही सुधरत नाही. ऑर्डरी लिहायच्या वेळेपुरतं एक पातळ कव्हर घालून ठेवलं तर बाकी घराला त्रास नाही.

रंकाळावेस

कव्हर आणि बॅटरीचं पाणी दोन्ही आजच आणते. अजून कुणी मुंग्यांबद्दल किंवा मसाल्याच्या डागांबद्दल लिहिणार असेल तर लिहा, घरून मसाल्याचा धंदा करणाऱ्या माझ्या ओळखीच्या बऱ्याचजणी हा धागा वाचतायत.