खुब्याच्या फ्रॅक्चरमध्ये स्पायनलपूर्वी कोणता ब्लॉक द्यावा?

प्रश्न (निवासी डॉक्टर, भूलशास्त्र):
परवा ८२ वर्षांच्या, जेमतेम ४५ किलो वजनाच्या आजींना खुब्याच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर घेतले. पाय जरासा हलवला तरी त्या चादर मुठीत आवळून कळवळत होत्या आणि स्पायनलसाठी (पाठीच्या कण्यात सुईने दिल्या जाणाऱ्या भुलीसाठी) त्यांना कुशीवर वळवायला चौघे लागले, याची अजून खंत वाटते. अल्ट्रासाउंड यंत्र उपलब्ध आहे. अशा रुग्णांना वळवण्याआधी वेदना कमी करायला कोणता ब्लॉक (नसांभोवती औषध सोडून तो भाग बधिर करणे) द्यावा: फॅसिया इलियाका (जांघेजवळच्या स्नायूच्या आवरणाखाली औषध सोडणे) की पेंग (PENG, खुब्याच्या सांध्याभोवतीच्या नसांचा ब्लॉक)?

उत्तर १ (भूलतज्ज्ञ):
केवळ स्पायनलसाठी बसवायचे वा वळवायचे असेल, तर मी पेंग निवडतो. टोरांटोच्या भूलतज्ज्ञांनी २०१८ मध्ये वर्णन केलेल्या या ब्लॉकमध्ये सोआस या कमरेच्या स्नायूच्या कंडरेखाली, हाडाला लागून साधारण २० मिली औषध सोडले जाते. त्यामुळे सांध्याच्या पुढच्या आवरणाला संवेदना पुरवणाऱ्या शाखा बधिर होतात आणि मांडीची ताकद बहुधा टिकते. फॅसिया इलियाकाला ३० ते ४० मिली लागते, मांडी लुळी पडते, मांडीच्या आतल्या बाजूच्या ऑब्च्युरेटर नसेपर्यंत औषध पोहोचेलच असे नाही. मात्र मांडीच्या बाहेरच्या बाजूची त्वचा तो बधिर करतो, जे पेंगने सहसा साधत नाही.

उत्तर २ (आपत्कालीन विभाग):
ब्लॉकसाठी थिएटरची वाट का पाहावी, हा माझा मूळ आक्षेप आहे. एक्स-रेत फ्रॅक्चर दिसताच आम्ही कॅज्युअल्टीतच फॅसिया इलियाका देतो, कारण तो शिकायला सोपा आहे, सुई नस व रोहिणीपासून दूर राहते आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या रुग्णात खोलवरच्या पेंगपेक्षा तो मला अधिक निर्धास्त वाटतो. कॉक्रेन या संस्थेने अनेक संशोधनांचा एकत्रित घेतलेल्या २०२० च्या आढाव्यानुसार नसांच्या ब्लॉकमुळे अर्ध्या तासात हालचालीच्या वेदना कमी होतात आणि वृद्धांमधील भ्रमिष्टपणाचा धोकाही घटतो. तो अर्धा तास मात्र खरोखर थांबा. सुई काढताच रुग्णाला वळवले, तर ब्लॉकचा उपयोग काय?

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. आमच्याकडे बुपिव्हाकेन (बधिर करणारे औषध) ०.५ टक्केच मिळते. फॅसिया इलियाकासाठी ते किती घ्यावे?

उत्तर १:
२ मिलीग्रॅम प्रतिकिलो धरल्यास या आजींची मर्यादा ९० मिलीग्रॅम होते. पाव टक्क्याचे ४० मिली दिले, तर १०० मिलीग्रॅम होऊन ती ओलांडली जाते. म्हणून ०.५ टक्क्याच्या १५ मिली औषधात १५ मिली सलाइन मिसळावे, म्हणजे ७५ मिलीग्रॅम भरतील आणि पुढच्या स्पायनलच्या मात्रेलाही जागा राहील. मॉनिटर लावल्याशिवाय आणि शिरेत सलाइनची सुई असल्याशिवाय सुरुवात करू नये.